घटक ५ : साक्षीदाराचा आवाज – नटांचे अभिवाचन आणि अभिजात गद्य

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर अभिनय आणि अभिवाचन यांतील भेद तुम्हांला स्पष्ट करता येईल; मराठी वाक्यातील कोणता अर्थ कागदावर अपुरा राहतो आणि आवाजातच पुरा होतो, हे ओळखता येईल; तसेच एखाद्या नटाने वाचलेले अभिजात गद्य ऐकताना त्याने संहितेला काय दिले आणि तिच्यातून काय काढून घेतले, याचा निर्णय स्वतः करता येईल. या घटकाच्या अभ्यासासाठी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ किंवा व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, यांपैकी एक पुस्तक हाताशी असावे.

५.१ प्रास्ताविक : सात रस्त्यावरील साक्षीदार

विद्यार्थी मित्रहो, सोलापुरातील सात रस्ता हा चौक तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या जाण्यायेण्यातला असेल. समजा, या चौकात एक रिक्षा आणि एक सायकल यांची टक्कर झाली. कोणाला फार लागलेले नाही; पण माणसे जमली आहेत. जे उशिरा पोहोचले ते विचारतात, ‘काय झालं?’ आणि कडेला उभा असलेला, सगळे पाहिलेला एक माणूस सांगू लागतो. तो रिक्षावाल्यासारखा हात करून हँडल वळवून दाखवतो, सायकलवाल्याने मान कशी मागे वळवली ते दाखवतो, ‘अन् हा म्हणतो, दिसत नाही का बे तुला!’ असे त्याच स्वरात म्हणून दाखवतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही क्षणभरसुद्धा असे वाटत नाही, की हा सांगणारा म्हणजेच रिक्षावाला. तो साक्षीदार आहे. त्याने दाखवलेला राग खरा वाटतो. पण तो राग त्याचा नसून रिक्षावाल्याचा आहे, हेही त्याच वेळी कळत राहते.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांनी १९३८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात नेमके हेच दृश्य घेतले आहे. रस्त्यावरचा अपघात पाहिलेला माणूस जमलेल्यांना तो जसा दाखवतो, तसा नट रंगमंचावर उभा राहावा, असा त्यांचा विचार होता. तालमीच्या वेळी नटांनी आपली वाक्ये ‘तो म्हणाला’ अशी जोड देऊन, तृतीयपुरुषात आणि भूतकाळात म्हणून पाहावीत, असेही ते सुचवत. ब्रेख्त मराठीला परके नाहीत. १९२८ मध्ये बर्लिनला प्रथम रंगमंचावर आलेल्या त्यांच्या संगीतनाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते १९७८ मध्ये सादर केले. दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल – पंढरपूरला जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले. त्याआधी चिं. त्र्यं. खानोलकर यांनी ब्रेख्तच्याच दुसऱ्या एका नाटकाला ‘अजब न्याय वर्तुळाचा’ असे मराठी रूप दिले होते आणि ते विजया मेहता यांनी बसवले होते.

आपला विषय मात्र नाटक हा नाही. नाटकासाठी लिहिलेलेच नाही असे गद्य – कादंबरी, आत्मचरित्र, कथा – जेव्हा रंगभूमीवरचा किंवा पडद्यावरचा नट मोठ्याने वाचतो, तेव्हा काय घडते, हे आपल्याला पाहायचे आहे. ब्रेख्तचा साक्षीदार नाटकापेक्षाही या कामाला अधिक लागू पडतो, असे माझे मत आहे. कारण नाटकात निवेदक बहुधा नसतो, कादंबरीत मात्र तो असतोच. वाचणाऱ्या नटाला पात्रांपूर्वी त्या सांगणाऱ्याचा आवाज सापडावा लागतो.

५.२ पोथी आणि कीर्तन

‘अभिवाचन’ हा शब्द तुलनेने नवा आहे. कृती जुनी आहे. ‘अभिनय’ या शब्दात ‘अभि’ म्हणजे ‘कडे’ आणि ‘नी’ म्हणजे ‘नेणे’ : अर्थ प्रेक्षकाकडे नेणे. त्याच धर्तीवर अभिवाचन म्हणजे समोरच्याकडे नेलेले वाचन, असा अर्थ करता येईल. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार अभिनयांपैकी ध्वनिमुद्रण करणाऱ्या नटाकडे वाचिक तेवढा पूर्णपणे उरतो. सात्त्विकाची झाक आवाजातून लागते. हातवारे आणि वेष गेले.

महाराष्ट्रात मोठ्याने वाचण्याच्या दोन रीती फार पूर्वीपासून आहेत. पहिली पोथीची. आपल्याच जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातल्या नाझरे गावचे श्रीधरस्वामी यांनी ‘हरिविजय’ पंढरपुरात १७०२ मध्ये पुरा केला. त्यांचे ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ हे ग्रंथ घरोघरी वाचले गेले ते अशाच रीतीने : एक जण ठरलेल्या चालीत ओवी म्हणतो, बाकीचे ऐकतात, मध्ये थांबून कोणी अर्थ सांगतो. पोथी वाचणारा द्रौपदीसाठी आवाज बारीक करत नाही आणि भीमासाठी घोगरा करत नाही. दुसरी रीत कीर्तनाची. उत्तररंगातल्या आख्यानात कीर्तनकार राजा होतो, राणी होतो, दासीही होतो, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा कीर्तनकार होऊन श्रोत्यांना चिमटा काढतो. एका रीतीत वाचणारा जवळजवळ अदृश्य असतो, तर दुसरीत तोच सगळ्यांच्या नजरेत भरतो. नटाने वाचायला घेतलेले पुस्तक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे असते, आणि नेमके कुठे, हे प्रत्येक पुस्तकागणिक नव्याने ठरवावे लागते.

विसाव्या शतकात यांत कथाकथनाची भर पडली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे लेखक आपल्याच कथा गावोगाव सांगत, व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती घराघरांत पोहोचल्या. ही मंडळी व्यवसायाने नट नव्हती आणि आपलेच लेखन सांगत होती. दुसऱ्याचे लेखन आवाजात मांडण्याचा वेगळा वस्तुपाठ पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिला. बा. भ. बोरकर, बा. सी. मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम या दोघांनी केले. दोघांनाही रंगभूमीचा अनुभव होता, १९४८ च्या ‘वंदे मातरम्’ या चित्रपटात दोघांनी कामही केले होते. तरीही कविता वाचताना त्यांनी कवितेला पुढे ठेवले. चंद्रकांत काळे आणि माधुरी पुरंदरे हे ‘तीन पैशाचा तमाशा’मधले कलावंत पुढे ‘साजणवेळा’सारख्या कार्यक्रमांतून कवी ग्रेस यांच्या कवितेकडे वळले, हाही याच वाटेवरचा टप्पा. कवितेला छंदाचा आणि चालीचा आधार असतो. गद्याला तोही नसतो. म्हणून पुढील चर्चा आपण गद्यापुरती ठेवू.

५.३ मराठी वाक्य आणि आवाज

आता थोडे व्याकरण. हा भाग सावकाश, शक्यतो मोठ्याने वाचत अभ्यासावा.

लिहिलेल्या मराठीतील विरामचिन्हे ही आपल्याकडची जुनी गोष्ट नाही. हस्तलिखितांत दंडापलीकडे फारसे काही नसे. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही चिन्हे मराठीत छापखान्याबरोबर, एकोणिसाव्या शतकात स्थिरावली, आणि ती रूढ करण्यात मेजर टॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. तेव्हा विरामचिन्हे पाहून श्वास घेणारा वाचक मराठी वाक्याचा नव्हे, तर छपाईचा ताल धरत असतो. अनुभवी नट हे फार लवकर ओळखतो.

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि विशेषणे, कारणे, अटी हे सारे त्याच्या आधी रचले जाते. पुढील वाक्य पाहा : ‘पावसाने दोन वर्षे दगा दिल्यामुळे, विहिरीचे पाणी आटल्यामुळे आणि बैलजोडी विकावी लागल्यामुळे गाव सोडून गेलेला तो माणूस एके दिवशी परत आला.’ माणूस कोण आणि त्याने काय केले, हे कळायला सतरा शब्दांहून अधिक थांबावे लागते. डोळ्यांना अडचण नाही; ते पुढे धावून ‘परत आला’ पाहून येतात. कानाला ती सोय नाही. ‘लागल्यामुळे’ या शब्दावर आवाज खाली बसला, तर ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यासारखे वाटते आणि मग माणूस अवचित उगवतो. म्हणून आवाज अधांतरी धरून ठेवावा लागतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात याला नाव आहे. स्वराच्या बदलाने अर्थ सांगण्याला तिथे ‘काकू’ म्हटले आहे (आपल्या लेखननियमांमुळे हा शब्द नात्यातल्या काकूसारखा दिसतो, त्याला इलाज नाही). काकूचे दोन प्रकार : अर्थ अजून पुरा व्हायचा आहे असे सुचवणारी ती साकांक्षा, आणि अर्थ पुरा झाला असे सांगणारी ती निराकांक्षा. वरच्या वाक्यात ‘आला’ येईपर्यंत काकू साकांक्ष राहिली पाहिजे. जर्मन भाषेतही गौण वाक्यातील क्रियापद शेवटी जाते. टोमास मान यांच्यासारख्या लेखकाची लांबलचक वाक्ये मोठ्याने वाचणाऱ्याची तिथेही हीच परीक्षा असते. गेर्ट वेस्टफाल (१९२०–२००२) हे नट, दिग्दर्शक आणि नभोनाट्यांचे जाणकार या कामासाठी जर्मन भाषकांत विख्यात होते. मान यांची १९०१ सालची ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी त्यांनी वाचली, गोएथे आणि फोंटान यांचे लेखनही वाचले. खुद्द मान यांच्या पत्नी काट्या यांनी त्यांना लेखकाचे मुख म्हणून गौरवले होते. वेस्टफाल ऐकताना भाषा न समजणाऱ्यालाही एक गोष्ट जाणवते : वाक्य कितीही लांब असो, त्याचा शेवट कुठे आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या शब्दापासून ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा अव्ययांचा. ‘तोच आला’, ‘तो आलाच’, ‘तो तर आला’, ‘तोही आला’ – इथे आघात कुठे द्यायचा हे मराठीने लिहूनच ठेवले आहे. मराठीच्या या श्रीमंतीमुळे वाचणाऱ्याचे निम्मे काम होते. गंमत अशी, की हौशी वाचक ‘च’वर जोर देतो, तर कसलेला नट ‘च’च्या आधीच्या शब्दावर. ‘च’ स्वतःचे काम स्वतः करतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो ‘म्हणे’ या एका शब्दाचा आहे. ‘रामभाऊ म्हणे आजारी होते.’ हे वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून पाहा. एकदा नुसते ऐकलेले सांगितल्यासारखे, एकदा शंका घेत, आणि एकदा भांडणात म्हणतो तसे. पहिल्यात रामभाऊ आजारी असू शकतात, दुसऱ्यात कदाचित नसावेत, तिसऱ्यात तर ते नक्कीच बहाणा करत होते. कागदावर तिन्ही वाक्ये एकच आहेत. दुसऱ्याचे म्हणणे सांगताना जर्मनमध्ये क्रियापदाचे रूपच बदलते. हे माझे विधान नव्हे, मी फक्त पोहोचवतो आहे, हे त्या रूपातून कळते. मराठीत असे रूप नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ आहे, आणि ‘असे’, ‘म्हणून’ हे शब्द आहेत. शिवाय तेही बोलून झाल्यावर येतात : ‘“उद्या येतो,” असं म्हणून तो गेला.’ म्हणजे बोलणारा कोण हे संहिता मागाहून सांगते. वाचणाऱ्याला मात्र ते आधी ठाऊक असावे लागते. ‘म्हणे’तील विश्वास किंवा अविश्वास तर सर्वस्वी त्याच्यावर सोपवलेला आहे. निवेदकाची भूमिका काय, याचे उत्तर नटाने ठरवलेले नसेल, तर ते अशा ठिकाणी लगेच उघडे पडते.

स्वाध्याय : हाताशी असलेल्या पुस्तकाचे कोणतेही एक पान घ्या. ज्या वाक्यांत आवाज बदलला तर अर्थ बदलेल, अशी किमान तीन वाक्ये शोधा. प्रत्येकाचे दोन अर्थ आपल्या शब्दांत लिहा. त्यानंतरच पुढील भागाकडे वळा.

५.४ हसत सांगितलेले दुःख

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याओवळ्यात गेलेले बालपण, कवी नारायण वामन टिळकांशी लग्न, १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेला विरह, आणि पुढे त्यांनी स्वतः केलेले धर्मांतर, असा हा जीवनपट आहे. यातील एखादाच प्रसंग तोडून कोणाला सांगा, ऐकणाऱ्याचे डोळे भरतील. लक्ष्मीबाई मात्र तो प्रसंग असा सांगतात, की आधी हसू येते. त्यांची भाषा घरातली आहे, वाक्ये आखूड आहेत, स्वतःची फजिती सांगण्यात त्यांना खरा आनंद आहे.

विजया मेहता यांनी १९८२ मध्ये ‘स्मृतिचित्रे’वर दूरचित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाईंच्या भूमिकेत होत्या. सुहास जोशी यांनी याच पुस्तकाचा एकपात्री प्रयोगही रंगमंचावर केला. एकाच कलावंताने एकच व्यक्ती या दोन्ही रीतींनी उभी करणे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे उदाहरण आहे. पडद्यावर लक्ष्मीबाई जगतात. समोर टिळक असतात, घर असते, काळ वर्तमान असतो. एकपात्रीत मात्र लक्ष्मीबाई आठवतात. जे घडले ते घडून गेलेले आहे, सांगणारी वयस्क आहे, तिने त्या दुःखाशी आपला हिशेब केव्हाच पुरा केला आहे. रडण्याचा अधिकार त्या वेळच्या तरुण लक्ष्मीबाईंचा होता. सांगणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या आवाजात ते रडणे आणले, तर प्रसंग करुण होईल आणि पुस्तक हरवेल.

हा नियम केवळ मराठीपुरता नाही. फ्रान्झ काफ्का यांच्याविषयी आपल्या मनात एक काळोखी प्रतिमा असते, आणि त्यांचे लेखन वाचणारे नटही बहुधा खर्जात, गूढ स्वरात वाचतात. पण काफ्कांचे मित्र माक्स ब्रोड यांनी नोंदवून ठेवले आहे, की ‘खटला’ या कादंबरीचे पहिले प्रकरण काफ्कांनी मित्रांना वाचून दाखवले तेव्हा सगळे पोट धरून हसले, आणि स्वतः काफ्कांना हसू आवरेना म्हणून वाचन थांबवावे लागले. लेखकाच्या स्वतःच्या आवाजातले काफ्का आणि आपल्या कल्पनेतले काफ्का यांत एवढे अंतर! अभिजात ठरलेल्या पुस्तकाला आपण आदराचा आवाज लावतो, आणि तो पुष्कळदा त्या पुस्तकाचा नसतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे उदाहरण याच दृष्टीने तपासावे. पुस्तकाची रचनाच ‘रात्रीं’ची आहे : मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. तेही साक्षीदाराचेच सांगणे आहे. पहिल्या रात्रीपासून कंठ दाटलेला ठेवला, तर शेवटच्या रात्रींसाठी नटाजवळ काहीच शिल्लक राहत नाही.

नटाच्या आवाजाची आणखी एक अडचण इथेच सांगून ठेवतो. तो आवाज आपल्या ओळखीचा असतो. क्रिस्टियान ब्रुकनर हे जर्मन नट रॉबर्ट डी नीरो यांच्या चित्रपटांना जर्मन आवाज देत आले; त्यांनी कादंबरी वाचली तरी श्रोत्यांच्या कानांत डी नीरो येतोच. आपल्याकडे १९७० च्या ‘नटसम्राट’ नंतर डॉ. श्रीराम लागू यांच्या आवाजाला अप्पासाहेब बेलवलकर कायमचे चिकटले. प्रसिद्ध नट पुस्तकाला श्रोते मिळवून देतो आणि त्याबरोबर आपल्या जुन्या भूमिकाही घेऊन येतो.

५.५ ‘बनगरवाडी’ आणि बोली

१९५५ ची ‘बनगरवाडी’ ही माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीची कादंबरी. सांगोला, माळशिरस या भागांतल्या विद्यार्थ्यांना ते माळ, ती मेंढरे ओळखीची वाटतील. नोकरीवर आलेला एक तरुण मास्तर हे सगळे सांगतो. त्याचे निवेदन प्रमाण मराठीत आहे. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी यांचे बोलणे माणदेशी आहे. म्हणजे वाचणाऱ्याला दोन भाषा एका आवाजात सांभाळायच्या आहेत. ‘बुडेनब्रोक्स’मध्येही अशीच कसरत आहे : ल्यूबेकच्या व्यापारी घराण्याची जर्मन, बंदरावरच्या कामगारांची उत्तरेकडची बोली, आणि म्यूनिकहून आलेल्या पेर्मानेडरची दक्षिणी भाषा.

मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर ‘ग्रामीण’ नावाची एक बोली तयार झाली आहे. ती कोणत्याही तालुक्याची नाही. ‘लई’, ‘न्हाई’, ‘हाय’ असे पाचदहा शब्द, शेवटचा स्वर लांबवायचा, आवाज एक पट्टी वर चढवायचा, की झाला खेडूत. ही बोली विनोदासाठी घडली आणि विनोदाच्या सवयीने टिकली. आपल्या आवडत्या कथाकथनकारांनी ती जन्माला घातली असे मी म्हणणार नाही, त्यांचा कान फार सच्चा होता; पण त्यांना ऐकणाऱ्या आपण श्रोत्यांनी बोलीचा पहिला शब्द येताच हसायची सवय लावून घेतली, एवढे खरे. आता याच आवाजात कोणी कारभाऱ्याचे बोलणे वाचले, तर काय होईल? कारभारी वस्तीचा जाणता माणूस आहे. मास्तरला माणूस म्हणून तो घडवतो. चढवलेल्या ग्रामीण आवाजात तो विदूषक होतो. अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होऊ लागते, तेव्हा विदूषकाच्या तोंडचे दुःख कोणी खरे मानत नाही. इथे नुसती वाचनशैलीची चूक होत नाही. एका समाजाची प्रतिष्ठा काढून घेतली जाते.

साक्षीदाराची रीत इथे उपयोगी पडते. मास्तरने कारभाऱ्याला ऐकले आहे, आणि तो त्याचे बोलणे आदराने आपल्यापर्यंत पोहोचवतो आहे. म्हणून नटाने कारभाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उच्चारावेत, लय थोडी बदलावी, आणि आवाजाची जात मात्र मास्तरचीच ठेवावी. चौकातला माणूस रिक्षावाल्याचा स्वर काढतो, पण त्याची नक्कल करून टाळ्या मिळवायला निघत नाही. त्याला घडलेले सांगायचे असते.

याच्या उलट बाजूचा एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. सोलापुरातील एका संपर्क सत्रात ‘बनगरवाडी’तील एक उतारा वाचण्यास मी एका विद्यार्थिनीला सांगितले. वय चाळिशीच्या पुढचे, घरची भाषा तेलुगू, दिवसभर शिवणकाम. ती म्हणाली, ‘सर, मोबाइलवर ऐकलंय मी. तसं नाही यायचं मला.’ दिवसभर मशीनवर बसून तिने कितीतरी पुस्तके नटांच्या आवाजात ऐकली होती. पण त्यामुळेच आपला आवाज पुस्तकासाठी नाही, अशी तिची खात्री झाली होती. बरेच म्हटल्यावर तिने वाचले. काही ‘ळ’ अडखळले, काही शब्दांवर तेलुगूचा हेल आला. पण तिने कारभाऱ्याला हास्यास्पद केले नाही, कारण कोणाला हसवायचे तिच्या मनातही नव्हते. वर्गात कोणी हसले नाही. पुढचे पान वाचायला अक्कलकोटचा एक विद्यार्थी स्वतःहून उठला, आणि त्याच्या मराठीत कन्नडची लय होती.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने प्रमाण उच्चार हा अनेक उच्चारांपैकी एक आहे. तो शिक्षणाच्या, छपाईच्या आणि प्रसारणाच्या केंद्रांतून पसरला, म्हणून प्रमाण झाला. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका गल्लीत बोलल्या जातात, आणि ‘काय करलालास?’ असे विचारणाऱ्याला आपण चुकीचे बोललो असे वाटण्याचे कारण नाही. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या स्वतःच्या आवाजातील गाण्याचे जुने ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात त्यांचा ‘र’ चांगलाच घोळलेला ऐकू येतो. ते दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे.

५.६ ऐकणे हे वाचणे आहे काय?

२०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी पुस्तकेही ध्वनिरूपात देऊ लागली. आकाशवाणी तर पिढ्यान्‌पिढ्या वाचून दाखवतच आली आहे. तेव्हा नोकरी, शेती, घरकाम सांभाळून शिकणारे तुम्ही नेमलेली पुस्तके कानांनी ऐकणार, हे गृहीत धरूनच मी लिहितो आहे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तर हा राजमार्ग आहे, आणि त्यांच्या अभ्यासाला कोणी दुय्यम म्हणू नये.

अडचण एकच, आणि ती ५.३ मध्ये आपण पाहिली. नटाने ‘म्हणे’चा एक अर्थ निवडला, की बाकीचे दोन तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. निवड चांगली असेल तरीही ती त्याची आहे. परीक्षेत ‘निवेदकाचा दृष्टिकोन स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो, तेव्हा नटाचा दृष्टिकोन लिहून येणारी उत्तरे मी तपासली आहेत. तेव्हा आधी ऐका, हरकत नाही; पण ज्या जागी आवाजाने तुम्हांला हसवले किंवा रडवले, ती जागा पुस्तकात उघडून पाहा. तिथे लेखकाने नेमके काय लिहिले आहे? ज्यांना कानांनीच अभ्यास करायचा आहे, त्यांनी तेवढाच उतारा दुसऱ्या कोणाकडून, शक्य तर नट नसलेल्या माणसाकडून वाचून घ्यावा. दोन आवाजांमधल्या फटीत संहिता दिसू लागते.

उपक्रम

१. ‘स्मृतिचित्रे’ किंवा ‘बनगरवाडी’तील एक पान निवडा. साकांक्ष काकूच्या जागी पेन्सिलीने वर जाणारी आणि निराकांक्ष काकूच्या जागी खाली येणारी रेघ काढा. मग ते पान आपल्या नेहमीच्या उच्चारात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. उच्चार ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करू नका.

२. आपल्या गावच्या चौकात, बाजारात किंवा एस. टी. स्थानकावर पाहिलेला एखादा लहानसा प्रसंग घरच्यांना तीन वेळा सांगा : एकदा पोथी वाचल्यासारखा, एकदा त्या माणसांची पूर्ण नक्कल करत, आणि एकदा साक्षीदार म्हणून. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वेळी कोणाची बाजू घेतली, ते टिपून ठेवा.

३. दोन्ही उपक्रमांची ध्वनिमुद्रणे आणि टिपणे पुढील संपर्क सत्राला आणावीत. प्रत्येक मुद्रण पाच मिनिटांपेक्षा मोठे नसावे. वर्गात ती नाव न सांगता ऐकवली जातील आणि वाचणारा कोण हे ओळखण्याऐवजी सांगणारा कोण आहे, यावर चर्चा होईल.